कॉन्फरन्स वाढवायची तर कोणतं विद्यापीठ घ्यावं? आधी मंगळवारचं वेळापत्रक लिहून पाहा

न्यू जर्सीतल्या एका गृहस्थांनी विचारलंय: अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या कॉन्फरन्स (एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचे गट) विस्तार करतात, तेव्हा मोठ्या शहरातलं विद्यापीठ घेणं शहाणपणाचं की जिंकणारं? त्यांचं उदाहरण घरामागचंच आहे. बिग टेन या कॉन्फरन्सने २०१४ मध्ये न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाला घेतलं ते न्यूयॉर्कच्या टीव्हीसाठी, असं सगळे म्हणतात. मग दहा वर्षांनी पार पॅसिफिक किनाऱ्यावरची चार विद्यापीठं का घेतली? यात काही सूत्र आहे की नुसती हाव? जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय की त्यांची मुलगी हायस्कूलमध्ये व्हॉलीबॉल खेळते. उत्तराला हात घालताना ते वाक्य मी विसरणार नाही, कारण माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे.

मी बावीस वर्षं मिडवेस्टमधल्या एका मध्यम आकाराच्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागात आहे. आधी सामन्यांची वेळापत्रकं लावली, आता प्रवास आणि बजेट बघते. कॉन्फरन्सचे दोन विस्तार आतून पाहिले. एक जमला, एक फसला. बिग टेनसारख्या बड्यांच्या बैठकीत मी कधी बसलेली नाही, तेव्हा त्यांच्याबद्दल लिहिते ते जाहीर झालेल्या गोष्टींवरून. बाकीचं अनुभवाचं.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, ऊसपट्ट्यातलं, त्यामुळे कॉन्फरन्स म्हणजे काय हे मला सहकारी साखर कारखान्यावरून पटकन समजलं. सभासद आपापला ऊस आणतात, साखर एकत्र विकली जाते, पैसे वाटले जातात. नवा सभासद घेताना जुने दोनच गोष्टी विचारतात: याच्या उसाला उतारा किती, म्हणजे साखर किती निघते? आणि तो येतो कुठून? लांबचा ऊस आणला की तोडणी-वाहतुकीचा खर्च सरासरीने सगळ्यांच्या दरातून वळता होतो, आणि कारखान्याच्या दारात शेत असलेला शेतकरी कुरकुरतो. कॉन्फरन्समध्ये उतारा म्हणजे टीव्हीचा पैसा. वाहतूक म्हणजे अक्षरशः वाहतूक, फक्त उसाऐवजी विशीतल्या मुलामुलींची.

आधी उताऱ्याचं बघू. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचं (म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं) प्रक्षेपण एनसीएए ही मध्यवर्ती संस्था विकायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या दोन विद्यापीठांनी तिला कोर्टात खेचलं, सर्वोच्च न्यायालयाने तिची मक्तेदारी मोडली, आणि हळूहळू कॉन्फरन्स हेच दुकान झालं. मग २००७ मध्ये बिग टेनने स्वतःचं चॅनेल काढलं. केबलचं गणित असं होतं की कॉन्फरन्सचं विद्यापीठ ज्या भागात आहे तिथल्या प्रत्येक केबल-ग्राहकामागे जास्त दर मिळायचा. त्या घरात कोणी रटगर्सचा सामना बघतंय का, याने काही बिघडत नव्हतं. महिन्याच्या बिलातून पैसे जातच होते. न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या ज्या मराठी घरात फक्त क्रिकेट आणि मालिका चालायच्या, त्या घरानेही बिग टेनला हातभार लावला असणार! रटगर्स आणि मेरीलँड ही दोन्ही नावं एकदम आली त्यामागचं मोठं कारण हे: एक न्यूयॉर्कच्या कुशीत, दुसरं वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरच्या.

पुढे लोकांनी केबल तोडली. फुकट येणारा तो पैसा आटू लागला आणि चॅनेलवाले विचारू लागले, कोटभर माणसं खरोखर टीव्हीसमोर बसतील असे सामने तुमच्याकडे किती? दक्षिणेकडच्या एसईसी कॉन्फरन्सने २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमाला होकार दिला, बिग टेनने २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलएला, २०२३ मध्ये ओरेगन आणि वॉशिंग्टनला. या सगळ्यांमागे हा नवा हिशेब आहे. लॉस एंजेलिस मोठं शहर आहेच, पण नुसतं शहर पुरलं असतं तर मोठ्या शहरातल्या कितीतरी विद्यापीठांना आमंत्रणं गेली असती. ती गेली नाहीत. तेव्हा २०१४ चं सूत्र आणि २०२४ चं सूत्र एक नाही, आणि तुम्हाला विसंगती दिसतेय ती खरीच आहे. फक्त २०१४ च्या सूत्रावर आज कोणी सल्ला देत असेल तर त्याचं ऐकू नका.

मग जिंकणाऱ्याला घ्यावं का? इथे नेब्रास्काचं उदाहरण मी नेहमी देते. २०११ मध्ये ते बिग टेनमध्ये आले तेव्हा त्यांच्याकडे फुटबॉलची पाच राष्ट्रीय विजेतेपदं होती, तीन तर नव्वदच्या दशकातली. बिग टेनमध्ये आल्यापासून त्यांना कॉन्फरन्सचं एकही फुटबॉल विजेतेपद मिळालेलं नाही. जिंकण्याच्या निकषावर हा सौदा फसला म्हणायचा. पण १९६२ पासून त्यांच्या स्टेडियमची तिकिटं प्रत्येक घरच्या सामन्याला संपतात. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच स्टेडियममध्ये महिलांचा व्हॉलीबॉल सामना बघायला ९२,००३ माणसं आली. तुमच्या मुलीला सांगा, तिला अजून माहीत नसेल तर. संघ पडतात, प्रशिक्षक बदलतात, चांगला खेळाडू आता वर्षाच्या आत दुसरीकडे जातो. हरतानाही येणारी गर्दी मात्र पिढ्यांची असते. म्हणून मी गेल्या तीन वर्षांची जय-पराजयाची आकडेवारी बाजूला ठेवते आणि विचारते, वाईट वर्षात, पाऊस असताना, नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी तुमच्याकडे किती माणसं येतात?

आता गणित. ते इतकं सोपं आहे की बैठकीत सगळे विसरतात. समजा दहा विद्यापीठांची कॉन्फरन्स आहे आणि वर्षाला ५ कोटी डॉलर येतात, म्हणजे प्रत्येकाला ५० लाख. दोन नवीन घेतले आणि चॅनेलने वरचे ८० लाख दिले. आता ५ कोटी ८० लाख भागिले बारा, म्हणजे प्रत्येकी ४८ लाखांच्या थोडं वर. एकूण रक्कम वाढली, वर्तमानपत्रात ‘विक्रमी करार’ असं छापून आलं आणि जुना प्रत्येक सभासद गरीब झाला. पंगतीत पानं वाढली, पातेलं तेवढंच. म्हणून नव्याने सरासरीपेक्षा जास्त आणलं पाहिजे, निदान सरासरीइतकं तरी. बिग ट्वेल्व्ह या कॉन्फरन्सने २०२२ च्या करारात हुशारी केली होती: दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्समधून कोणी आलं तर चॅनेल त्याच्यामागे तेवढाच पूर्ण वाटा वाढवून देईल. म्हणूनच कोलोरॅडो, युटा आणि ॲरिझोनातली दोन विद्यापीठं घेताना जुन्या सभासदांच्या ताटातलं काही गेलं नाही.

सरासरी जमत नसेल तर दुसरी वाट असते: नव्याला कमी वाटा. रटगर्सलाही सुरुवातीची वर्षं पूर्ण वाटा नव्हता. ओरेगन आणि वॉशिंग्टन कमी वाट्यावर आले. पूर्व किनाऱ्यावरच्या एसीसी कॉन्फरन्सने कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड आणि कॅलला सुरुवातीची सात वर्षं साधारण ३० टक्के वाटा देऊ केला, आणि डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीचा पैसा नको म्हणून दार उघडून घेतलं. एसएमयूच्या मागे श्रीमंत देणगीदार आहेत, त्यांना परवडलं. २०२४ च्या पहिल्याच हंगामात ते एसीसीच्या अंतिम सामन्यात आणि पुढे राष्ट्रीय प्लेऑफमध्ये पोचलेसुद्धा. पण प्रत्येकाच्या पाठीशी डॅलस नसतं. अर्ध्या वाट्यावर पूर्ण प्रवास करायचा, त्यात २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर खेळाडूंना थेट पैसे द्यायचे (पहिल्या वर्षी मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर), हे ओझं कुठून तरी निघतं. आमच्यासारख्यांकडे ते टेनिस आणि पोहण्याच्या बजेटातून निघतं.

आणि आता वाहतूक. माझा विषय, तेव्हा थोडं सहन करा.

फुटबॉलचे नियमित हंगामात बाराच सामने. बहुतेक शनिवारी, त्यातले निम्मे घरीच, आणि मोठ्यांचे संघ स्वतंत्र विमानाने जातात. फुटबॉलसाठी न्यू जर्सी ते लॉस एंजेलिस ही गैरसोय आहे, संकट नाही. अंतर किती, तर मुंबई–दुबईच्या दुप्पट, शिवाय घड्याळात तीन तासांचा फरक. पण फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात राहायचं तर विद्यापीठाला एकूण किमान सोळा खेळांचे संघ चालवावे लागतात. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर यांचे सामने कितीतरी जास्त, त्यातले बरेच आठवड्याच्या मध्ये, आणि प्रवास साध्या प्रवासी विमानाने नाहीतर बसने. करारावर सही होते शनिवारच्या नावाने. निस्तरायचा असतो मंगळवार.

जुन्या लोकांनी यावर एक सुंदर तोड काढली होती, जोडीची. पश्चिमेकडच्या पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्समध्ये बारा विद्यापीठांच्या सहा जोड्या होत्या: वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट, ओरेगन आणि ओरेगन स्टेट, कॅल आणि स्टॅनफर्ड, यूएससी आणि यूसीएलए, ॲरिझोना आणि ॲरिझोना स्टेट, कोलोरॅडो आणि युटा. बास्केटबॉलचा पाहुणा संघ गुरुवारी एकाकडे खेळायचा, शनिवारी शेजारच्याकडे, आणि घरी. एका प्रवासात दोन सामने. २०११ मध्ये कोलोरॅडो आणि युटा आले ते या घडीत चपखल बसले. शेजारी नसले तरी एका दौऱ्यात उरकण्याइतके जवळ. असा विस्तार मला मनापासून आवडतो. वेळापत्रक लावणाऱ्या बाईला त्या रात्री झोप लागली असेल! हार्वर्ड, येल वगैरेंच्या आयव्ही लीगनेही हेच केलंय, शुक्रवार-शनिवार जोडीने. आणि १९५४ च्या करारापासून आजवर आठाचे नऊ केलेले नाहीत. ‘कोणालाच घेऊ नका’ हेही एक उत्तर असतं. सल्लागार ते कधी देत नाहीत, कारण त्याची फी घेता येत नाही.

फसलेला विस्तार सांगते. आमच्या कॉन्फरन्सने बरीच वर्षं झाली, साधारण हजार किलोमीटर लांबचं एक विद्यापीठ घेतलं. मोठं शहर, नवं कोरं सभागृह. सादरीकरणात नकाशावर गोल काढलेला होता, त्यात किती लाख टीव्ही आहेत ते लिहिलेलं. मी विचारलं, यांच्या शेजारी दुसरं कोण? उत्तर आलं, पुढच्या टप्प्यात बघू. पुढचा टप्पा आलाच नाही. तिसऱ्या वर्षी जानेवारीत आमचा महिला बास्केटबॉल संघ मंगळवारचा सामना खेळून बुधवारी निघाला, बर्फामुळे जोडविमान रद्द झालं, आणि तेरा तास बसने रात्रभर प्रवास करून मुली गुरुवारी सकाळी पोचल्या. एकीचा शरीररचनाशास्त्राचा पेपर नऊ वाजता होता. तिने तो दिला. कसा गेला ते मी विचारलं नाही. चार वर्षांनी ते विद्यापीठ दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये निघून गेलं. त्यांचंही बरोबरच होतं, तेही दर आठवड्याला हाच प्रवास उलटा करत होते.

मोठ्या प्रमाणावर हेच पाहायचं तर वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्स बघा. १९९६ मध्ये त्यांनी एकदम सोळा विद्यापीठं केली, हवाईपासून ओक्लाहोमातल्या टल्सापर्यंत. चार-चारचे चार गट, आणि ते गटही आलटून पालटून फिरवायचे. शेजारच्याशी यंदा सामना आहे की नाही, हे चाहत्यांना कळेना. प्रवास वाढला, वाट्याला येणारे पैसे वाढले नाहीत, आणि १९९८ मध्ये आठ जणांनी एकत्र बाहेर पडायचं ठरवून माउंटन वेस्ट काढली. तीन वर्षांत खेळ आटोपला.

हवाईवरून आठवलं, लांबच्या विद्यापीठाला घ्यायचंच असेल तर अर्धं घेता येतं. हवाई कितीतरी वर्षं माउंटन वेस्टमध्ये फक्त फुटबॉलपुरतं होतं, बाकीचे खेळ कॅलिफोर्नियाच्या बिग वेस्टमध्ये. वर पाहुण्या संघांच्या प्रवासखर्चाला ते हातभार लावायचं. आपलं लांब असणं ही आपली जबाबदारी, हे त्यांनी मान्य केलं होतं. हा मार्ग आज जास्त वापरायला हवा.

तिसरी बाजू थोडक्यात, कारण ती मोजता येत नाही: हे लोक टिकतील का आणि मतदानात आपल्यासारखा विचार करतील का? कारखान्याच्या सर्वसाधारण सभेला गेलेल्यांना जास्त सांगायला नको. टेक्ससने २०११ मध्ये ईएसपीएन या क्रीडावाहिनीबरोबर स्वतःचं वेगळं चॅनेल काढलं, वीस वर्षांचा ३० कोटी डॉलरचा करार, आणि बिग ट्वेल्व्हमधल्या इतरांच्या मनात जी अढी बसली ती गेली नाही. त्याच वर्षी टेक्सस ए अँड एमने एसईसीचा रस्ता धरला. याच्या उलट बिग ईस्ट ही कॉन्फरन्स. २०१३ मध्ये फुटबॉलवाले आणि बास्केटबॉलवाले वेगळे झाले. सात कॅथलिक विद्यापीठांनी नाव आपल्याकडे ठेवलं आणि बटलर, क्रेटन, झेवियर अशी तीन आपल्यासारखीच खाजगी, बास्केटबॉलवेडी विद्यापीठं घेतली. फुटबॉलचा पैसा नाही म्हणून लोकांनी त्यांना मोडीत काढलं होतं. व्हिलानोव्हाने २०१६ आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं; २०२० मध्ये परत आलेल्या यूकॉनने २०२३ आणि २०२४ मध्ये. सगळ्यांना एकच गोष्ट हवी असली की बैठका लवकर संपतात.

हे निकष कुठे लावून बघायचे? पॅक-ट्वेल्व्हच्या पुनर्बांधणीवर. बारातले दहा जण इतर कॉन्फरन्समध्ये गेले, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट उरले. जुलै २०२६ पासूनच्या नव्या घडीसाठी त्यांनी माउंटन वेस्टमधून बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि युटा स्टेट घेतले. पाचही एकमेकांना ओळखणारे, एकाच डोंगराळ पश्चिमेतले. पैशांची भांडणं कोर्टात गेली तो भाग वेगळा, पण निवड चांगली. लांबच्या मेम्फिस, टुलेन वगैरे मंडळींनाही विचारून झालं. ती आपल्या जागी थांबली, आणि दोन्ही बाजूंच्या सॉफ्टबॉल संघांचं भलं झालं असं मला वाटतं.

माझी सगळ्यात आवडती निवड गोन्झागाची. फुटबॉल संघच नाही, म्हणून कित्येकांनी नाकं मुरडली. पण १९९९ पासून ते दरवर्षी राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत असतात, आणि त्या स्पर्धेत खेळलेल्या सामन्यांमागे कॉन्फरन्सला सहा वर्षं पैसे मिळत राहतात. शिवाय ते स्पोकॅनला आहेत, वॉशिंग्टन स्टेटच्या पुलमनपासून जेमतेम सव्वाशे किलोमीटर. तुटलेली जोडी पुन्हा जुळली! उतारा चांगला आणि शेत शेजारी. असा सभासद रोज येत नाही.

शेवटी घेतलेलं टेक्सस स्टेट मात्र मला खटकतं. सर्वोच्च विभागातल्या कॉन्फरन्सला फुटबॉल खेळणारे आठ सभासद लागतात, गोन्झागा त्यात धरता येत नाही, म्हणजे आठवा हवाच होता. ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोच्या मधलं ते वाढतं विद्यापीठ आहे, मुलं तिथली चांगली खेळतात, सगळं कबूल. पण ते एकटं आहे. पुढचा सभासद घ्यायचा झाला तर तो टेक्ससमधूनच, किंवा टेक्ससच्या वाटेवरचा हवा, नाहीतर आमच्या त्या नकाशावरच्या गोलासारखं होईल.

परिस्थितीनुसार माझं उत्तर बदलतं, हेही मान्य करते. बिग टेन आणि एसईसीइतका पैसा असेल तर अंतर विकत घेता येतं; खेळाडूंची झोप तेवढी विकत घेता येत नाही. एसईसीने तर तेही टाळलं: अर्कान्सा, मिझुरी, टेक्सस, ओक्लाहोमा, प्रत्येक नवा सभासद आधीच्या राज्याला लागून. वर टेक्सस आणि टेक्सस ए अँड एमचा बंद पडलेला सामना २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला, म्हणजे जुनं वैर फुकटात परत मिळालं. बास्केटबॉलवर जगणाऱ्या कॉन्फरन्सने फुटबॉलच्या मागे जाऊ नये. शिष्यवृत्त्या न देणाऱ्या छोट्या कॉलेजांच्या तिसऱ्या विभागात तर टीव्हीचा प्रश्नच नाही. तिथे बसने एका दिवसात जाऊन येता येतं का आणि अभ्यासाचा दर्जा जुळतो का, एवढंच बघा.

म्हणजे शहर की जिंकणारं, याला माझं उत्तर: दोन्ही नंतर. पहिलं, आलेल्यामुळे जुन्या कोणाचा वाटा घटतो का. दुसरं, त्याला शेजारी आहे का. मग पडत्या काळातली गर्दी. रटगर्स या कसोटीवर, गंमत म्हणजे, ज्या कारणासाठी घेतलं त्यापेक्षा बरं ठरतं: पेन स्टेट आणि मेरीलँड बसने गाठता येतात. पश्चिमेकडच्या चौघांचंही तसंच, ते चार आहेत म्हणून निभावतंय. फक्त यूएससी आणि यूसीएलए दोघंच राहिले असते तर मला त्यांच्या व्हॉलीबॉल प्रशिक्षकांची दया आली असती.

तुमच्या मुलीला कॉलेजांची पत्रं यायला लागतील तेव्हा कॉन्फरन्सचं नाव बघून हरखू नका. प्रशिक्षकांकडे मागच्या हंगामाचं बाहेरगावच्या सामन्यांचं वेळापत्रक मागा, परतीच्या वेळांसकट. लाजू नका, ते देतात. मग पेन्सिल घेऊन मोजा: मध्यरात्रीनंतर घरी पोचल्या अशा रात्री किती, आणि त्यातल्या कितींच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग होते.